घरी वाजवायला परवडणारा कीबोर्ड घ्यायचा आहे? नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि संध्याकाळी पोरांना कीबोर्ड शिकवतो, त्यामुळे यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडून लोक फोनवर तेच ते प्रश्न विचारून राहिले. ते सगळे इथे एका जागी टाकले. भाव अंदाजाने दिले आहेत, दुकान आणि सण पाहून हजार-पाचशे इकडेतिकडे होतात.

१. भाऊ, पेटी, कीबोर्ड आणि पियानो यात फरक काय? घरी नेमकं काय घ्यावं?

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी तिघांची सारखीच, म्हणून एकावर शिकलं की दुसऱ्यावर बोटं चालतात. पेटीत भात्याची हवा पितळेच्या रीडवरून (पातळ पत्तीवरून) जाऊन सूर निघते, वीज लागत नाही, पण एक हात भात्यावर अडकते. कीबोर्डमध्ये आवाज आतल्या चिपमधून येते, शेकडो वाद्यांचे आवाज आणि ताल तयार असतात, दोन्ही हात मोकळे राहतात. डिजिटल पियानो म्हणजे ८८ वजनदार पट्ट्यांचा, खऱ्या पियानोसारखं बोटाला वजन देणारा.

घरी वाजवायचं काय ते आधी ठरवा आणि मग दुकानात जा. भजन, अभंग, हरिपाठ, शास्त्रीय गाणं असेल तर पेटी. सिनेमाची गाणी, भावगीतं, थोडं पाश्चात्त्य, पोरांचं शिकणं असेल तर ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड. पियानोच शिकायचा आहे आणि शिकवणारा आहे तरच डिजिटल पियानो, तो ३५-४० हजारांच्या खाली नवा मिळणं कठीण आणि वजन दहा-अकरा किलो.

२. पाच हजाराच्या आत चांगला कीबोर्ड येते का?

नवा नाही. या पैशात बारक्या पट्ट्यांचे किंवा नाव न ऐकलेल्या कंपनीचे मिळतात, त्यांचा आवाज पत्र्यासारखा असते आणि दोन सूर एकदम दाबले की तिसरा कधी येते कधी येत नाही. पोराला वाटते आपल्याला जमत नाही, अन् दोष वाद्याचा असते, हे मी फार वेळा पाहिलं आहे आणि मनापासून वाईट वाटते. पाच हजारच असतील तर चांगल्या कंपनीचा जुना ६१ पट्ट्यांचा घ्या, कसा तपासायचा ते प्रश्न १० मध्ये आहे. नाहीतर कापूस विकला की घ्या, दोन महिने थांबल्याने काही बिघडत नाही.

३. ३२, ४४, ४९, ६१, ८८ पट्ट्या... किती घेऊ?

६१. पाच सप्तकं होतात, डाव्या हाताने कॉर्ड (तीन-चार सूर एकदम) आणि उजव्याने गाणं आरामात बसते. पेटीला साधारण ४२ पट्ट्या म्हणजे साडेतीन सप्तकं असतात आणि त्यावर जन्मभराचं गाणं होते, म्हणजे ६१ कमी पडतील ही भीती सोडून द्या.

आकड्यापेक्षा पट्टीची रुंदी महत्त्वाची. दुकानात जाताना पोराच्या कंपासमधली फुटपट्टी खिशात ठेवा. सा पासून नी पर्यंत लागून असलेल्या सात पांढऱ्या पट्ट्या मोजा, साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास आल्या तर पूर्ण मापाचा. बराच कमी आला तर मिनी, त्यावर बसलेली बोटं नंतर मोठ्या कीबोर्डवर चुकत राहतात.

४. दुकानदार म्हणते टच रिस्पॉन्सवाला घ्या, दोन-तीन हजार जास्त. खरंच लागते का?

हो, शिकायचं असेल तर लागते. टच रिस्पॉन्स म्हणजे हळू दाबलं तर हळू आवाज, जोरात दाबलं तर जोरात. तो नसला तर कसंही दाबा, आवाज एकच, मग बोटांना जोर आवरायची सवयच लागत नाही आणि पुढे पियानोवर बसलं की सगळं धाडधाड वाजते. फक्त पेटीसारखी चाल वाजवायची आहे, म्हणजे पट्टीच्या जोराने काही फरक पडत नाही अशी, तर हे पैसे वाचवा. बॉक्सवर लिहिलेलं नसते बरेचदा, म्हणून पियानोचा आवाज लावून स्वतः एक पट्टी हळू आणि एक जोरात दाबून पाहा, ऑर्गनच्या आवाजावर फरक कळणार नाही.

५. सर, सरळ मॉडेलचं नाव सांगा ना.

टच नसलेल्यात कॅसिओ सीटी-एस २०० आणि यामाहा पीएसआर-एफ ५२. टच असलेल्यात कॅसिओ सीटी-एस ३०० आणि यामाहा पीएसआर-ई ३७३ किंवा त्याच्या नंतरचा ई ३८३. पहिल्या जोडीचा भाव साधारण सात ते नऊ हजार, दुसरीचा दहा ते सोळा. माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी बहुतेक वेळा सीटी-एस ३०० सांगतो, कारण तो सव्वातीन किलोच्या आसपास आहे, हँडल धरून एका हाताने उचलला जाते, सेलवर चालते आणि सूर वाकवायचं चाक पण आहे. आवाजाचा पोत मात्र मला यामाहाचा जास्त आवडते, ज्याला पियानोचा आवाज जास्त वाजवायचा त्याने ई मालिका पाहावी.

दोन्ही कंपन्या भारतासाठी वेगळी मॉडेलं काढतात, यामाहाची पीएसआर-आय मालिका आणि कॅसिओची नावाच्या शेवटी आयएन असलेली. त्यात तबला, तानपुरा, केरवा-दादरा असे आपले ताल असतात. एकट्याने रियाज करणाऱ्याला ते कामाचे, पण फक्त त्यासाठी पाच-सात हजार जास्त देऊ नका, तानपुरा आणि तबल्याचे फुकट अ‍ॅप फोनवर आहेत आणि कीबोर्डला ऑडिओ-इन असेल तर फोन वायरने तिथे जोडला की दोन्ही आवाज एकाच स्पीकरमधून येतात.

६. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला आणि भजनाला वाजवायचं आहे. कीबोर्डमध्ये हार्मोनियमचा आवाज असते, तो चालते का?

घरी रियाजाला चालते. मंडळात बसून वाजवायला माझं मत पेटीच. खंजिरी, ढोलक, टाळ आणि पंधरा-वीस गळे एकदम सुरू झाले की कीबोर्डचा दोन-अडीच वॅटचा स्पीकर ऐकूच येत नाही, आणि भात्याचा दाब कमी-जास्त करून भजनाच्या ओळीला जो श्वास मिळते तो चिपमधून येत नाही. पारावर, देवळात, शेतातल्या ठाण्यावर लाईटची कटकट नाही हा वेगळा फायदा. पेटी नवी साधी आठ-दहा हजारांपासून आहे, डबल रीडची (प्रत्येक पट्टीला दोन रीड, खालच्या सप्तकाची खर्ज आणि नेहमीची नर) बरी येते ती बारा-पंधराच्या पुढे.

७. पेटी घेताना काय पाहू? आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

भाता पूर्ण भरा, एकही पट्टी दाबू नका, आणि फक्त पाहा. भाता आपोआप भसकन खाली आला तर हवा गळते आहे, सावकाश बसला तर ठीक. पट्टी न दाबता बारीक सूर येत असेल तर कुठलीतरी पट्टी नीट बसत नाही. मग हळू हवा देऊन एकेक पट्टी दाबा, प्रत्येक रीड तेवढ्याच हवेत बोलली पाहिजे, उशिरा बोलणारी किंवा खरखरणारी असेल तर दुकानातच दुरुस्त करून मागा. एकच सूर दोन सप्तकांत एकदम दाबा, लाटेसारखा थरथर आवाज आला तर जुळणी बरोबर नाही.

कप्लर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दबते), स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर वर-खाली करायची सोय) अशा गोष्टींच्या मागे पहिल्या पेटीला लागू नका. स्केल चेंजर महाग, जड, आणि बिघडला तर तालुक्याला दुरुस्त करणारा सापडत नाही.

८. आमच्याकडे लाईट कधी येते कधी जाते. मग कीबोर्ड घेऊन काय फायदा?

सेलवर चालणाराच घ्या, वर नाव सांगितलेले कीबोर्ड प्रत्येकी सहा सेलवर चालतात. लहान भिंतीच्या घड्याळात टाकतो ते स्वस्त सेल टाकू नका, लवकर बसतात. अल्कलाइन टाका, किंवा रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल आणि चार्जर एकदाच घ्या, लाईट असताना चार्ज करून ठेवा. घरी इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही, असा कीबोर्ड दहा वॅटच्या आसपास खाते, एका एलईडी बल्बएवढा. महिनाभर वाजवायचा नसेल तर सेल काढून ठेवा, आत गळले की स्प्रिंग खाऊन टाकतात.

विजा चमकून राहिल्या, वादळ आलं, तर अडॅप्टर बटनाने बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढा.

९. अडॅप्टर जळला. गावातल्या इलेक्ट्रॉनिकवाल्याकडे राऊटरचा अडॅप्टर आहे, पिन बसते. लावू का?

थांबा, पिन बसली म्हणून लावू नका. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. व्होल्ट, म्हणजे यामाहाचे हे लहान कीबोर्ड १२ व्होल्टवर आणि कॅसिओचे हल्लीचे साडेनऊ व्होल्टवर चालतात. अँपिअर, कीबोर्डला लागते तितके किंवा जास्त. आणि पिनची दिशा: कीबोर्डच्या मागे आणि अडॅप्टरवर एक गोल चिन्ह असते, मधल्या ठिपक्याला अधिक आहे की उणे ते दोन्हीकडे सारखं पाहिजे. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या कीबोर्डमध्येही हे उलटं असू शकते. उलटा लावला तर आतलं बोर्ड जाऊ शकते आणि त्याचा खर्च नव्या अडॅप्टरच्या किती तरी पट. तोवर सेलवर वाजवा.

१०. ओळखीतला एक जण जुना कीबोर्ड अर्ध्या भावात देऊन राहिला. घेऊ का, कसा पाहू?

अर्ध्या भावात चांगला असेल तर जरूर घ्या. पाहायला अर्धा तास काढा आणि त्याच्या घरी घाई करू देऊ नका.

बंद असतानाच डोळे पट्ट्यांच्या पातळीवर आणून बाजूने पाहा, एखादी खाली बसलेली किंवा तिरपी झालेली लगेच दिसते. मग चालू करून पियानोचा आवाज लावा आणि डावीकडून एकेक पट्टी तीनदा दाबा, हळू, मध्यम, जोरात, काळ्या पण सोडू नका. टचवाल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोपीत कार्बनचे दोन ठिपके असतात, पहिला टेकून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला यावरून यंत्र जोर ठरवते. मध्ये धूळ गेली की ती पट्टी एकतर मुकी होते नाहीतर हळू दाबली तरी ओरडते. अशा दोन-चार पट्ट्या असतील तर घाबरू नका, उघडून रबर आणि त्याखालची पाटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसली की बहुतेक सुधारतात, फक्त त्या नावाखाली भाव कमी करून घ्या. लागून असलेल्या आठ-दहा पट्ट्या पूर्ण मुक्या असतील तर पाटी किंवा तार गेलेली असू शकते, तो सोडून द्या.

सेलचा डबा उघडा, पांढरी-हिरवी पावडर दिसली तर सेल गळले होते. अडॅप्टर लावून पिन थोडी हलवा, कीबोर्ड बंद पडला तर सॉकेट ढिलं आहे. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते का ऐका. स्पीकर मुका वाटला तर हेडफोन लावून पाहा, बरेचदा हेडफोनच्या सॉकेटमधली पत्ती अडकलेली असते, स्पीकर चांगलाच असते आणि मालकाला ते माहीतही नसते.

११. ऑनलाइन घेऊ की नागपूर-अमरावतीच्या दुकानातून?

दोन-तीनशेचा फरक असेल तर दुकान, कारण हात लावून पाहता येते आणि पेटी तर न वाजवता घ्यायचीच नाही. ऑनलाइनमध्ये हजार-दीड हजार वाचत असतील आणि तुमच्या पिनकोडवर घरपोच येत असेल तर मागवा, पण डबा उघडताना सुरुवातीपासून मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी सगळ्या पट्ट्या तपासा, परत करायची मुदत थोडीच असते. दोन्हीकडे पक्कं बिल घ्या. खोकं आणि आतला थर्माकोल फेकू नका, सर्व्हिसला एसटीने न्यायचं झालं तर तोच लागते.

१२. उन्हाळ्यात घर तापते, पावसाळ्यात ओल. वाद्य टिकेल ना?

टिकते, जागा नीट निवडली तर. टिनाच्या खोलीत मे महिन्यात छताजवळ, फळीवर ठेवू नका, खाली गार भिंतीच्या बाजूला ठेवा. कूलरच्या समोर तर कधीच नाही, ती हवा ओली असते, पेटीचं लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. पावसाळ्यातही तेच होते, पेटी अडकली तर जोर लावू नका, दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत उघडी ठेवा, बरेचदा आपोआप मोकळी होते.

आपल्याकडे दिवाळीनंतर घरात कापूस भरून ठेवतात, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. कापसाचा बारीक तंतू उडून पेटीत गेला आणि रीडच्या फटीत बसला की तो सूर एकतर फरफरते किंवा पूर्ण बंद होते. लोक म्हणतात रीड गेली. वरची फळी काढून मऊ कोरड्या ब्रशने तंतू काढला की सूर परत येते, सुई-टाचणी घालू नका, रीडला ओरखडा पडला की सूर बदलते. कीबोर्डवर आणि पेटीवर जुनं सुती लुगडं दुहेरी करून टाका, प्लॅस्टिक नको, आत ओल धरते.

१३. पोरगं पाच वर्षांचं आहे, त्याच्यासाठी मिनी पट्ट्यांचाच बरा ना?

बोटं लहान आहेत म्हणून असं वाटते, पण पाच सूर एका जागी हात ठेवून पूर्ण मापावरही त्याचे आरामात निघतात. सातव्या वर्षी परत मोठा घ्यावा लागते म्हणून एकदाच ६१ घ्या. अगदी तीन-चार वर्षांचं असेल आणि नुसतं खेळणार असेल तर मिनी चालते.

१४. बाबा पासष्ट वर्षांचे, आयुष्यभर शेती केली, आता पेटी शिकायची म्हणतात. बोटं आखडली आहेत. जमेल?

जमते, आणि त्यांना थांबवू नका. आखडलेल्या बोटांना कीबोर्डच्या पट्ट्या हलक्या पडतात आणि भाता ओढायचा नाही, म्हणून सुरुवात कीबोर्डवर हार्मोनियमचा आवाज लावून करा. गुडघ्यामुळे मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्ची आणि टेबल, कोपर पट्ट्यांच्या पातळीत आलं पाहिजे. खाटेवर ठेवून वाजवलं की हलते आणि मनगट दुखते.

१५. गावात शिकवणारं कोणी नाही. परीक्षा देता येते का?

पहिले सहा महिने मंडळातल्या पेटीवाल्याकडे बसा, सरगम आणि पाच-सात अलंकार तो शिकवते. परीक्षा द्यायची तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाला हार्मोनियम विषय आहे, प्रारंभिकपासून पुढे विशारदपर्यंत. पाश्चात्त्य पद्धतीत ट्रिनिटी कॉलेज लंडनची इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची परीक्षा वेगळी आणि पियानोची वेगळी आहे. कोणती द्यायची ते ठरल्याशिवाय वाद्य घेऊ नका, पियानोच्या परीक्षेची तयारी हलक्या ६१ पट्ट्यांवर होत नाही.

१६. अडीच हजारात कीबोर्ड आला, दिसायला भारी, पण आवाजच येत नाही. खराब आहे का?

खराब नाही, तो मिडी कंट्रोलर आहे. त्यात स्पीकर नसते आणि स्वतःचा आवाजही नसते, फक्त कोणती पट्टी दाबली ते कॉम्प्युटरला कळवते. ओटीजी केबलने फोनला जोडून अ‍ॅपमधून वाजते, पण बऱ्याच साध्या फोनवर दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येते, शिकणाऱ्याचा ताल त्याने बिघडते. परत होत असेल तर परत करा.

१७. गाणारी ताई काळी चार म्हणते, मला फक्त पांढरी एकमधून येते. काय करू?

पांढरी एक म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी सा धरणं, काळी चार म्हणजे चौथी काळी पट्टी सा धरणं. कीबोर्डवर ट्रान्सपोज बटन आहे, ते सगळे सूर एकदम वर-खाली सरकवते. पांढरी एक ते काळी चार हे काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून वर आठ पट्ट्यांचं अंतर, म्हणून अधिक ८ लावा, किंवा उणे ४ लावून खालच्या सप्तकातली काळी चार घ्या. काळी एक हवी तर अधिक १. बोटं पांढरी एकचीच ठेवा. पण यावर विसंबून राहू नका, पेटीवर बसाल तेव्हा हे बटन नसते, वर्षभरात काळी एक, पांढरी चार आणि काळी चार तरी हाताला आल्या पाहिजेत.

ट्रान्सपोज बरोबर असूनही मंडळाच्या जुन्या पेटीशी सूर थोडा घासत असेल तर कारण वेगळं. कीबोर्ड ४४० हर्ट्झवर जुळवलेला येते, जुनी पेटी थोडी चढी किंवा उतरलेली असू शकते. मेनूमध्ये ट्यूनिंग आहे, तिथे थोडंथोडं वर-खाली करून पेटीशी जुळवा.

१८. शास्त्रीय शिकणारे म्हणतात कीबोर्ड-पेटीने सूर बिघडते. खरं का?

म्हणण्यात तथ्य आहे. कीबोर्डवर सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे त्यावरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा आहे, सेंट म्हणजे दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. शिवाय मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. आकाशवाणीने याच कारणांवरून १९४० पासून तीस-एक वर्षं पेटीला बंदी घातली होती. तरी गावोगावच्या भजन-कीर्तनात पेटी राहिलीच. गळ्याचा रियाज तानपुऱ्यावर करा आणि पेटी साथीला घ्या. कीबोर्डवरचं चाक सूर वाकवते, पण त्याला मींड समजू नका.

१९. रात्री घरचे झोपतात. ब्लूटूथ हेडफोनवर वाजवू का?

वायरचाच घ्या. ब्लूटूथने पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येते, ऐकायला चालते, वाजवायला नाही. पिन पाहून घ्या, काही कीबोर्डला ३.५ मिलिमीटरची तर काहींना ६.३ची लागते, जोड पिन पन्नास-शंभरात मिळते.

२०. गणपतीत मंडळाच्या अँपला कीबोर्ड जोडता येते का?

येते, हेडफोनच्या किंवा आउटपुटच्या सॉकेटमधून वायर काढून मिक्सरच्या लाइन इनपुटला द्या, माइकच्या इनपुटला दिला तर फाटते. जोडताना दोन्हीकडचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून मग हळूहळू वाढवा. अँपमधून घूं आवाज येत असेल तर कीबोर्ड सेलवर चालवून पाहा, बरेचदा अडॅप्टर काढला की थांबते.

२१. आजोबांची पेटी माळ्यावर वीस वर्षं पडून आहे. ती दुरुस्त करू की नवी घेऊ?

आधी खाली काढून प्रश्न ७ प्रमाणे पाहा. भाता फाटला, आतलं चामडं आणि फेल्ट उंदरांनी खाल्लं, एवढंच असेल तर दुरुस्त करा, हे सगळं बदलता येते. रीड जास्त महत्त्वाच्या, त्या हिरव्या पडल्या असल्या तरी साफ करून जुळवल्या जातात, मोडलेल्या दोन-चार बदलता येतात, पण अर्ध्याच्या वर मोडल्या असतील किंवा लाकडाला वाळवी लागून आतला पाट पोकळ झाला असेल तर नवीच घ्या. कारागिराकडून आधी खर्च लिहून घ्या, नव्या साध्या पेटीच्या निम्म्यापर्यंत येत असेल तर डोळे मिटून दुरुस्त करा. सागाची जुनी असेल तर त्यापेक्षा थोडा जास्त गेला तरी मी करेन, आणि घरी आणल्यावर पहिला महिना रोज थोडी वाजवा, नवीन चामडं बसायला वेळ घेते आणि त्यानंतर एकदा परत जुळवून घ्यावी लागते.